न धुतलेला पाला

"धुतलास व्हय गं पाला?"

अंबूबाईंनी मोरीच्या दारातूनच सुनेला विचारलं. प्रमिलानं मान डोलावली. हरभऱ्याचा कोवळा पाला तिनं तीन पाण्यांतून काढला होता. तिसऱ्यात जंतू मारायला परमँगनेटचा खडा टाकला होता.

"ह्यो पाला धुत न्हाईत, बाय. पानावरली आंबट आंब गेली की समदी मोरीत. ऱ्हायला निस्ता चारा."

"बेबीला टायफॉइड होऊन गेलाय, आत्या."

डॉक्टर आता काहीही द्या म्हणत होते. प्रमिलाचाच जीव धजत नव्हता. तापातून उठून दोन महिने झाले तरी पोर दोन घासांवर तिसरा घेत नव्हती. सासूबाई रहिमतपुराहून एकट्या एसटीनं आल्या होत्या त्या पाला द्यायला नव्हे, नातीला न्यायला. तोंडानं अजून बोलल्या नव्हत्या इतकंच.

प्रमिलाचा नवरा लालासाहेब लढाईत कामी आला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या वाट्याची भाजी गावाकडून विश्रामबागेतल्या या दोन खोल्यांत येत राहिली. पाथरी, चिवळ, अंबाडी. पुण्यात वाढलेल्या प्रमिलाला नावंही ठाऊक नव्हती. नवऱ्याची रजा नेहमी मे महिन्यात, तेव्हा रान उघडंबोडकं. हिवाळ्यात तो काय खायचा हे तिनं पाहिलंच नव्हतं. आलेली भाजी ती उकडायची, पाणी फेकायची, पुन्हा उकडायची. बेबी थुंकून टाकायची. उरलेलं शेजारच्या म्हशीला.

"तुजा बा कसा खायचा, ठावं हाय?" अंबूबाई नातीला म्हणाल्या. "रानात, उभ्यानं, हात मागं बांधून. शेरडागत. मी म्हनायची, थांब, दावंच आनते."

बेबी हसली. अंबूबाईंनी गाठोड्याच्या तळाशी राहिलेले न धुतलेले मूठभर शेंडे काढले. पोरीनं हात पाठीमागं बांधले, मान पुढं केली. तोंड वेडंवाकडं झालं. मग तिनं पुन्हा मान पुढं केली. आणि पुन्हा.

प्रमिला दाराला टेकून बघत राहिली. आपल्याला आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"सुगी सरंस्तवर पोर दे माज्याकडं. तुला शाळा शिकवायची हाय. तू आयतवारी येत जा."

"तिकडं पाणी कुणी उकळत नाही, आत्या."

"न्हाई उकळत," अंबूबाई म्हणाल्या. शेंडे संपले होते. बेबी त्यांची बोटं चाटत होती.

भाजीचा वानवळा आला की त्याचं फडकं रिकामं परत पाठवायचं नाही, एवढी रीत प्रमिलाला माहीत होती. दर खेपेला ती त्यात बिस्किटांचा पुडा बांधायची. आज तिनं फडकं जमिनीवर पसरलं. दोन फ्रॉक ठेवले. लोकरीची टोपी ठेवली. परमँगनेटची बाटली ठेवली. गाठ मारायला टोकं उचलली, पुन्हा खाली सोडली. बाटली काढून घेतली आणि मग गाठ बांधली.