पाय मोकळे

"चल गं, पाय मोकळे कर. पाचच मिनिटं आहेत," कडी काढून सुधारगृहातल्या पहाऱ्यावरच्या मावशींनी हाक मारली.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. हलली नाही.

"नको. मी इथंच बरी."

मावशी चक्रावल्या. तीन दिवस या खोलीत एकटी कोंडलेली, कडी वाजली की ताडकन उठणारी ही पंधरा वर्षांची पोर, आणि आज चक्क नको म्हणते?

"बरं वाटत नाही का?"

"तसं नाही." तिने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. "नियम वाचले मी. दुसरं आहे काय इथं वाचायला! अठराच्या आतल्या कुणालाही चार तासांवर एकटं कोंडायचं नाही. कोंडलं तर कोर्टाला कळवायचं. तुम्ही मला नळापर्यंत नेऊन आणता, की तास पुन्हा पहिल्यापासून. आज बारा वाजता परत आत घातलंय ना? होऊ देत चार. मग कळवावंच लागेल."

मावशींनी त्या कागदाकडे पाहिलं. ही युक्ती कुणा साहेबाची नव्हती, खुद्द त्यांचीच होती. बावीस वर्षांपूर्वी एका रडणाऱ्या पोरीची दया येऊन त्यांनी तिला नळापर्यंत फिरवून आणलं आणि भाबडेपणाने रजिस्टरात लिहिलं, 'पाय मोकळे केले.' तेव्हाच्या अधीक्षकांनी ते वाचलं आणि त्यांना रानच मोकळं मिळालं. तेव्हापासून या सुधारगृहात चार तासांवर कुणी कोंडलं गेलं नाही, म्हणजे कागदावर. दया करायला गेल्या आणि काय करून बसल्या!

त्या तशाच अधीक्षक बाईंकडे गेल्या.

"येत नाही म्हणजे?" बाईंनी मानही वर केली नाही. "लिहून टाका की. इतकी वर्षं लिहिताय, आजच हात दुखला?"

"पण बाई, ती बाहेर आलेलीच नाही."

"मग दोघींना पाठवते, ओढून काढतील. सांगा, काय करू?"

त्या दोघी कशा ओढतात ते मावशींनी पाहिलं होतं. मागच्या पोरीचा खांदा निखळला होता. त्यांनी रजिस्टर जवळ घेतलं आणि लिहिलं, 'तीन पन्नास. पाय मोकळे केले.'

परत येऊन त्यांनी आत न बघताच कडी लावली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या एकट्याच नळापर्यंत चालत गेल्या. नळ सोडला, बंद केला, सावकाश परत आल्या. लिहिलेल्यातलं निदान चालणं तरी खरं व्हावं, एवढंच.

चाहूल लागताच आतून आवाज आला, "मावशी, वाजले का हो चार?"

समोरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अजून नाही गं."

"बरं. बसते मग," पोरगी म्हणाली.