विहिरीचं कडवं

नरखेडच्या एसटीत बसल्यापासून शालिकरामचा जीव थाऱ्यावर नव्हता. नागपुरात त्याचा आंबेडकरी गाण्यांचा जलसा गाजलेला. गिरणीच्या फाटकापुढे गाताना जीभ कधी अडखळली नव्हती. पण हे बहिणीचं गाव. तो गाऊन परत जाणार होता. बहिणीला, भीमाबाईला, इथंच राहायचं होतं.

उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, कवडूनं, गावविहिरीत बादली सोडली म्हणून बागायतदारांच्या पोरांनी त्याचा हात मोडला होता. त्यावर शालिकरामनं कडवं रचलं होतं.

जेवताना कवडू म्हणाला, "भाऊ, ते हिरीचं नको म्हणजो गा. बगीच्यातलं काम जाईन माह्यं."

"मंग फुलापाखराचं गाऊ का?"

"गाय ना. आम्हाले इथं राहाचं हाय."

उन्हं कलताना बौद्धवाड्यातल्या निंबाखाली जलसा सुरू झाला. बागायतदारांची माणसं कडेला उभी राहिली. शालिकराम शिक्षणावर गायला, दारूवर गायला, टाळ्या घेतल्या. विहिरीच्या कडव्याची पाळी आली. ढोलकीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, शालिकरामनं मानेनंच नाही म्हटलं अन् शेवटचं गाणं धरलं.

"भाऊ, एक राह्यलं," भीमाबाई उभी राहिली. तिचा आवाज जाडाभरडा, सुरात नसलेला.

"हीर खंदली माह्या बापानं,
पानी कसं तुह्या बापाचं?"

"चूप बस वं!" कडेचा एक जण ओरडला.

तिनं तेच पुन्हा म्हटलं. म्हाताऱ्या रंभाबाईनं ओळ उचलली, मग बाकीच्या बायांनी. गाता गाताच कोणीतरी घागर आणली, अन् सगळ्या विहिरीकडे निघाल्या. शालिकराम डफ बडवत मागं चालला.

भीमाबाईनं विहिरीत बादली सोडली तसा बागायतदारांच्या एका माणसानं दोर धरला. भीमाबाई सोडेना. तेवढ्यात कवडू पुढं आला अन् त्यानं आपला वाकडा हात त्याच दोरावर ठेवला. बायांचं गाणं वाढतच गेलं. त्या माणसानं सगळ्यांकडं पाहिलं, थुंकला अन् दोर सोडला. बादली वर आली.

"काहून गायली वं?" परतताना शालिकरामनं विचारलं.

"तू गिळलं म्हणून."



कवडूचं काम गेलंच. शालिकराम नागपूरला न जाता तिथंच राहिला. रोज पहाटे बायांसोबत विहिरीवर जायचा. झाडीत जरा पान हललं तरी दचकायचा, अन् तेच कडवं अजून मोठ्यानं म्हणायचा. दिवाळीपर्यंत शेजारच्या गावच्या बायाही ते म्हणू लागल्या. कवडूला सावनेरकडे खाणीवर कोळसा भरायचं काम लागलं. भीमाबाईनं तिथं जायला नकार दिला.

"मी इथंच पानी भरन," ती म्हणाली.