दोन काठांमधला गाळ

वैशाखातली ताम्रवर्ण सकाळ. धरणाच्या फुगवट्यावर ऊन उतरत होते, पण पाण्यावर नव्हे, गाळावर. काळा, ओलसर, चकाकणारा, निःशब्द गाळ. दूरच्या महानगराकडे अजस्र नळ अहोरात्र पाणी ओढून नेत होते, आणि जलाशय रोज हातभर मागे सरत होता. दिवसेंदिवस कृश, दिवसेंदिवस निस्तेज.

ऐलतीरी, धरणाने उठवलेल्या बारा घरांची वस्ती. पैलतीरी बाजार, शाळा, दवाखाना. मधल्या पाण्यावर हरिबा भोई तीस वर्षे नाव वल्हवीत होता. नवऱ्या त्याने नेल्या, बाळंतिणी नेल्या, शेंगांची पोती नेली. पाणी हीच त्या वस्तीची वाट. दुसरी होती ती डोंगराला वळसा घालून जाणारी, दिवसभराची, दगडगोट्यांची.

त्या सकाळी नावेत एकच उतारू होती. हौसाबाई, हरिबाची बायको.

वस्तीची विहीर चैत्रातच आटली होती. काठचे हिरवट पाणी फडक्यातून गाळून बाया हंडे भरीत होत्या. ते पाणी हौसाबाईला बाधले. दोन दिवस जुलाब, दोन दिवस उलट्या. त्या भरल्या देहातला ओलावा थेंबाथेंबाने निथळून गेला. नेत्र खोल गेले, ओठ भेगाळले, कातडीवर करडी राख पसरली.

"पाणी द्या वाईच," ती म्हणाली.

हरिबाने उकळून आणलेल्या पाण्याचा तांब्या तिच्या ओठी लावला. घोट आत गेला, आणि तसाच परतला.

"दवाखान्यात सलाईन लावत्याल," तो म्हणाला. "दुपारपतुर उठून बसशील."

वल्ही पडत होती, उठत होती. पाणी उथळ होत गेले, जड होत गेले, मातकट होत गेले. आणि मग नाव थांबली. काल जिथे कमरेइतके पाणी होते, तिथे आज गाळ होता. पैलतीर साठ-सत्तर पावलांवर.

हरिबाने वल्हे रोवून रेटा दिला. नाव पुढे सरेना, मागेही फिरेना. तो खाली उतरला. गाळाने आधी त्याचे गुडघे घेतले, मग मांड्या, मग कंबर. त्याने हौसाबाईला पाठीवर घेतले, आणि दोघांच्या भाराने तो छातीपर्यंत रुतला. नावेची कड पकडून, तडफडत, धापा टाकत, त्याने तिला पुन्हा आत निजवले आणि स्वतःही वर चढला.

पैलतीरी चहाची टपरी होती. टपरीवाल्या केरबाने हे पाहिले.

"हरिबा, उतरू नगंस आता," तो ओरडला. "आमी कडबा टाकतो. हितनं येतो."

माणसे धावली. कडब्याच्या पेंढ्या आल्या, फळ्या आल्या, कुणाच्या घराचे दार आले. पेंढीवर पेंढी पडत होती, आणि गाळ ती संथपणे गिळत होता. दवाखान्यातली नर्स सलाईनची बाटली घेऊन काठावर उभी होती. त्या बाटलीतले पाणी उन्हात लखलखत होते, स्फटिकशुभ्र, निर्मळ, अप्राप्य.

"किती लांब ऱ्हायलं?" हौसाबाईने विचारले.

"हितंच. दवाखान्याचं पत्रं दिसत्यात बघ."

तिने मान वळवायचा यत्न केला. "मग चला की," ती हळूच म्हणाली.

हरिबा उन्हाच्या बाजूला सरकून बसला. त्याने तिच्यावर आपली सावली धरली. सूर्य माथ्यावर आला, सावली आखडली, तसा तो आणखी वाकला. काठावरून माणसे बोलत होती, फळ्या आपटत होत्या. तिचा श्वास लांब झाला, मग विरळ झाला. मग सावलीत काहीच हलेना.

केरबा शेवटच्या फळीवरून नावेपर्यंत पोचला तेव्हा त्याचे अंग मानेपर्यंत चिखलाने माखले होते. "दे तिला माझ्याकडं," म्हणत त्याने हात पुढे केले.

"सावकाश घे," हरिबा म्हणाला. "आता घाई न्हाई."

पैलतीरीच तिला अग्नी दिला.

पुढे बारा दिवस आग ओकीत ऊन पडले. पाणी पार दिसेनासे झाले. गाळ सुकला, तडकला, दगडासारखा टणक झाला. तेराव्याचे उरकून हरिबा काठावर आला, तेव्हा त्या विस्तीर्ण, भेगाळ, राखाडी पात्रावर एक पाऊलवाट उमटली होती. वस्तीतली एक लेकुरवाळी, पोराला कडेवर घेऊन बाजाराला निघाली होती. रुतलेल्या नावेला वळसा घालून ती सहज पुढे गेली. पान चघळून होईतो पैलतीरी पोचलीसुद्धा.

हरिबा पाहत राहिला. समोर भूमी होती, भूमीवर वाट होती, वाट थेट दवाखान्याच्या दारापर्यंत जात होती. आणि तिच्यावरून न्यायला त्याचे कुणी उरले नव्हते.