सरी, सर

राष्ट्रीय मुक्तस्रोत पुरस्काराला यंदा बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं चिटणीस मीच. ज्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं कुणीही फुकट वापरावीत, उघडून पाहावीत, दुरुस्त करावीत, अशा माणसांना आम्ही वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देतो. नारळ मीच आणायचे, खुर्च्या मीच मांडून घ्यायच्या. आता स्मरणिकेसाठी पुरस्काराचा इतिहासही मीच लिहायचा. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सुटतो. मी थकलोय.

रविवारी सकाळी हेब्बाळच्या घरी पहिल्या वर्षाची फाइल काढली. पहिलं वाक्य मला तोंडपाठ होतं: 'प्रथम मानकरी महानंदा हुक्केरी यांनी नम्र नकार दिल्याने पुरस्कार यादीतील पुढचे मानकरी जयसिंगराव यांना देण्यात आला.' दर वर्षी भाषणात हे सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. बाईंनी मराठी-कानडी जोडाक्षरं संगणकावर नीट उमटवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, वर बक्षीसही नाकारलं! केवढी निरिच्छ वृत्ती!

फाइलमध्ये मल्लेश्वरमच्या त्या सभागृहातली हजेरीवही निघाली. शेवटच्या पानावर सही होती: महानंदा हुक्केरी, बोम्मसंद्रा. सोबत आई, यल्लव्वा.

नकार देणारी बाई आईला घेऊन कशाला येईल? सहीशेजारच्या नंबरवर फोन लावला. त्यांनीच उचलला.

"मॅडम, मी रत्नाकर, पुरस्कार समितीचा. तुम्ही त्या वर्षी नाही म्हणाला होतात ना?"

"न्हाई सर. तारीख, जागा सांगून पुरस्कार घ्यायला येणार का, असं तुम्ही फोनवर विचारलं. मी बसमध्ये हुते. सरी सर, म्हणाले."

सरी. म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. आज रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी मीही दिवसातून पन्नासदा म्हणतो. पण तेव्हा पुण्याहून या कानडी मुलखात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी ऐकलं, 'सॉरी सर'. लगेच फोन ठेवला आणि जयसिंगरावांचा नंबर फिरवला. पुन्हा एकदा विचारायला असा किती वेळ लागला असता? मला माझीच लाज वाटली.

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? वाटलं, मोठ्या लोकांनी निकाल बदलला असंल. आईला मुद्दाम निपाणीहून आणलं हुतं. नवं लुगडं नेसून बसली हुती. दुसऱ्याचं नाव घेतलं, तशी माझ्याकडं बघायला लागली. मी खोटं सांगून आणलं, असं वाटलं तिला."

"अजूनही?"

"तो विषय आम्ही काढत न्हाई, सर."

"त्या आहेत तिथं? फोन द्या त्यांना."

मी यल्लव्वांना सगळं सांगितलं. पुरस्कार तुमच्या मुलीचाच होता, ती खरंच बोलत होती, चूक माझ्या कानांची. यंदा नाव पुकारू, तुम्हीही या.

"सरी," त्या म्हणाल्या.

या वेळी मी विचारलं, "काय म्हणालात, अम्मा?"

"सरी म्हणाले, बाबा. तुम्ही नाव पुकाराल. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये, समद्यांदेखत, हिच्या तोंडात दिली हुती मी. ती कशी माघारी घेऊ?"