आंदणाचा घोडा

नवरा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं. पराती धुवून होताहेत तोच धाकट्या दिराने, कादिरकुलने, बुरुलचाला गाठलं.

"वहिनी, आपली रीत ठाऊक आहे ना? भावामागे त्याची बायको भावाकडे. माझ्या घरात या, नाहीतर माहेर गाठा."

"तुमच्या घरात एक बायको आहे ना, भावोजी? तिला आधी पोटभर खायला घाला."

त्याच संध्याकाळी तिचं सामान अंगणात आलं. घर कादिरकुलने घेतलं, आणि तिच्या बापाने आंदण दिलेला करडा घोडाही.

गावच्या पांढऱ्या दाढ्यांच्या पंचायतीत म्हातारा ओसोर म्हणाला, "पोरी, रीतीने घर भावकीचं." मुल्लाने किताबातून सांगितलं, मूलबाळ नसलेल्या विधवेला चौथा हिस्सा. तालुक्याची वकीलबाई म्हणाली, संसारात बांधलेल्या घराचं अर्धं मुळात तुमचंच, उरलेल्यावरही पहिला हक्क तुमचा.

कादिरकुल खदाखदा हसला. "कायदा राजधानीत, बिश्केकात राहतो, वहिनी. बर्फ पडलं की त्याला आमचा घाट चढवत नाही."

मावशीच्या ओसरीत पडल्यापडल्या बुरुलचा हे शब्द चघळत राहिली. घरावरून तिघांची तीन तोंडं, आणि या माणसाने सोयीचं तेवढं उचललं. मग तिने तिघांनाही पुन्हा गाठलं, घराचं नाव न काढता. एवढंच विचारलं, "आंदणाचा घोडा कोणाचा?"

"बाईचा. हे काय विचारणं झालं?" ओसोर म्हणाला. मुल्ला तेच म्हणाला. वकीलबाईने अर्ज केला, आणि कोर्टाने तर तसा हुकूमच दिला.

घोडा त्याच दिवशी सोडवता आला असता. पण तिने दातांखाली राग धरून शरद ऋतूतल्या उलाकाची, बोकडाचं धूड पळवून खड्ड्यात टाकायच्या घोडेस्वारांच्या खेळाची, वाट पाहिली.

त्या दिवशी सगळं खोरं माळावर लोटलं होतं. करड्यावर बसलेल्या कादिरकुलने दहाजणांतून बोकडाचं धूड हिसकावलं आणि खड्ड्यात नेऊन टाकलं. लोक ओरडत होते. बक्षिसाचा झगा त्याच्या खांद्यावर पडला, तशी बुरुलचा माळाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"ओसोरबाबा, आंदणाच्या घोड्याचं मला जे सांगितलंत ते इथे सांगा."

म्हातारा घुटमळला. पण एवढ्या लोकांत शब्द गिळायचा कसा? "घोडा तिचा," तो म्हणाला. मुल्लाने मान हलवली. तिने बोलावलेला पोलीस कोर्टाचा हुकूम घेऊन पुढे आला.

"वहिनी, घरी जाऊन बोलू," कादिरकुल पुटपुटला.

"कोणाच्या घरी? उतरा. खोगीर तुमचं आहे, ते न्या."

अंगावर झगा, खांद्यावर खोगीर आणि पायी चाललेला उलाकाचा बहाद्दर! माझ्या घोड्यावर मागे बस, असं कोणीही त्याला म्हणालं नाही. बुरुलचाने करडा त्याच्या शेजारून गावापर्यंत मुद्दाम संथ चालवला.

वेशीपाशी तो फुत्कारला, "भरलं पोट?"

"नाही."

वकीलबाईने लावलेल्या घराच्या दाव्याचा निकाल तिच्या बाजूने लागला तेव्हा बर्फ पडू लागलं होतं. कादिरकुल दारात आडवा झाला. "हिवाळ्यात कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. रीत आहे!"

"आहे ना," बुरुलचा म्हणाली. "पण मी तालुक्याहून हुकूम घेऊन आलेय, घाट चढून."

त्याच्या गाद्या तिने स्वतः अंगणात नेल्या, एकेक करून. कुठलीच घाई केली नाही.