कानावर हात

पहिली बाजू संपली तशी टेपवाल्याने सुई उचलली, तबकडी उजेडात तिरकी धरून पाहिली आणि म्हणाला, "पत्र्यावर खिळे सांडल्यासारखं वाजतंय."

तबकडीत दोष नव्हता. सुई नवी होती आणि स्पीकर त्याने आदल्या दिवशीच खोलून पुसले होते. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. दोष यंत्राचा निघाला असता तर सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला असता. बँडची नवी रेकॉर्ड अकरा वर्षांनी आली होती. ती एकत्रच ऐकायची म्हणून चौघांनी आठवडाभर दम धरला होता, आणि आता रविवारच्या दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून, मयताला आल्यासारखे चौघे बसले होते.

"धाकटा गेला तेव्हाच मी म्हणालो होतो," मास्तर म्हणाले.

मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचं कुठलंही मत सिद्धतेसकट येई. बँडमध्ये गाणारा आणि गिटार वाजवणारा तो थोरला, कीबोर्डवाला तो धाकटा. दोघांचं रक्ताचं नातं काही नव्हतं. पण पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर ते एकाच सायकलवर डबलसीट बसले होते, तेव्हापासून चाहत्यांनी त्यांना भाऊ करून टाकलं होतं. अकरा वर्षांपूर्वी धाकटा एक दिवस बँडमधून निघून गेला. का गेला ते त्याने सांगितलं नाही आणि थोरल्यानेही नाही. मग सांगायचं काम चाहत्यांकडे आलं. बाईपासून बाटलीपर्यंत सगळी कारणं या दुकानात तपासून झाली होती. दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत एवढ्यावर मात्र एकमत होतं.

"मला आवडली," दादा म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. चौघांत जाणकार कान दादाचा. कुठल्या गाण्यात कितव्या ठोक्याला ड्रमवाला चुकलाय ते चाळीस वर्षांपूर्वी त्यानेच या लोकांना दाखवलं होतं.

"खरं सांगतो, पहिल्यांदा सगळं लख्ख ऐकू आलं. जुन्या रेकॉर्डी हल्ली रजईखाली वाजतायत असं वाटतं. ही बघा, एकेक झांज मोजून घ्या."

"दादा, तुमचा कान गेला," मास्तर म्हणाले, आणि टेपवाला मनमोकळं हसला. दादाही हसला, पण जरा उशिरा.

चौथी होती ती दादाची धाकटी बहीण. तिच्या हातातला कप ओठांशी पोचायच्या आधीच थांबला. ती मोठ्या दवाखान्यात कानाच्या खात्यात होती. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-जाड आवाज सोडायचे आणि कुठला ऐकू येतो, कुठला नाही याचा आलेख काढायचा, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. दुकानात तिला सगळे कानताई म्हणत. तिला बँड दिला तो दादानेच. घरात एकच टेप आणि एकच इयरफोन. त्याचं उजवं टोक दादाच्या कानात, डावं तिच्या. दोघांची डोकी एकमेकांना चिकटलेली, आणि आई म्हणायची, यांना वेगळं करायला सुरी लागेल.

आणि परवा सुरीवरूनच घरात भांडण झालं होतं. वहिनीने सुरी मागितली आणि दादा दोरी घेऊन आला. बत्तीस वर्षं छापखान्याच्या यंत्रांमध्ये उभा राहिलेला माणूस. त्याच्या कानातून वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले असणार हे कानताईला न तपासताही कळत होतं. ती चार वर्षं त्याच्या मागे लागली होती. "माझ्या कानाला काय धाड भरलीय," यापुढे तो जात नसे.

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. चाहत्यांच्या मासिकात छापायला त्यांनी थोरल्याला उघड पत्र लिहून आणलं होतं. गाणी न ऐकताच कसं लिहिलं, असं दादाने विचारलं, तर ते म्हणाले, उत्तर माहीत असलं की गणित मागून सोडवता येतं. धाकट्याला परत आणा, असा पत्राचा रोख होता. आणि मधोमध एक वाक्य होतं, जे मास्तरांनी दोनदा वाचलं: "थोरल्याला आता कान राहिलेला नाही, त्याचा कान अकरा वर्षांपूर्वीच धाकट्यासोबत निघून गेला."

टेपवाल्याने मांडीवर थाप मारली. वाक्य जमलंय, तो म्हणाला. कानताईने मात्र कप खाली ठेवला.

दोन महिन्यांपूर्वी, सकाळी रांग लागायच्या आधी, दोन म्हातारे तिच्या खोलीत आले होते. एकाच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी होती. नाव त्याने घरचं सांगितलं, पण आवाज कुठे लपतो? तिच्या हातातलं पेन कागदावर तसंच उभं राहिलं. सोबतच्या माणसाने अर्ज ओढून घेतला आणि स्वतः भरला. "सोबत आलेल्याचं नातं" या रकान्यात त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं: भाऊ.

तिने दार लावून तपासणी केली. थोरल्याचा आलेख जाड आवाजांपर्यंत सपाट रस्त्यासारखा आला आणि तिथून कड्यावरून पडावा तसा खाली गेला. झांजा, पाखरं, घड्याळाची टिकटिक, 'स' आणि 'श' त्याच्यासाठी जवळजवळ उरले नव्हते. तिने आलेख त्याच्यापुढे ठेवला.

धाकटा त्याच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी मी हेच सांगत होतो. तू म्हणालास, मी तुझ्या जागेवर टपलोय."

"म्हणालो होतो खरा," थोरला म्हणाला. मग कानताईकडे वळून त्याने विचारलं, "रेकॉर्ड तर छापायला गेली, बाई. मी माझ्या कानाने केली ती. आता?"

तिच्याकडे कानात घालायच्या यंत्राचं उत्तर होतं, या प्रश्नाचं नव्हतं. तुमच्या गाण्यांवर मी लहानाची मोठी झाले, एवढंही तिने सांगितलं नाही, कारण त्या खोलीत तो गाणारा म्हणून आलाच नव्हता. तेव्हापासून ती ते सगळं पोटात घेऊन फिरत होती. दादालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्याचा नियम होताच, पण नियम नसता तरी ती बोलली नसती.

"ते वाक्य काढा," ती आता म्हणाली.

का म्हणून, मास्तरांनी विचारलं. तिने सांगितलं की त्याला लागेल. टेपवाला म्हणाला की लागावं म्हणूनच लिहिलंय. जास्त ताणलं तर हे दोघे वास काढतील हे तिला दिसत होतं. दुकानात एक वावडी उठली की महिन्याभरात ती मासिकात छापून येई, आणि मग त्या टोपीवाल्याला लोक गाण्यासाठी नाही, कानासाठी ओळखणार होते.

"बरं, तुम्हीच निवाडा करा," मास्तर म्हणाले. "तुम्ही कानाच्या खात्यातल्या. वरचे आवाज टोचतात की नाही? हो की नाही, तेवढंच सांगा."

टोचत होते. दात आंबावेत तसे टोचत होते. हो म्हटलं तर पत्र त्या वाक्यासकट जाणार होतं, आणि दादाला स्वतःच्या बहिणीने कान गेलेल्यांत बसवलं असतं. दादा तिच्याकडेच पाहत होता.

"मला नाही बाई तसं वाटलं," ती म्हणाली.

कुणाला किती ऐकू येतं याबद्दल ती सव्वीस वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती, रडणाऱ्या आयांसमोरसुद्धा नाही. आज तिने सरळ कानावर हात ठेवले. मास्तरांनी हिशेब केला, दोन विरुद्ध दोन, आणि निकाल पुढच्या रविवारवर ढकलला.

घरी जाताना दादा चौकाशी थांबला. मग म्हणाला, "खोटं बोललीस."

"कशावरून?"

"लहानपणी कडू औषध घेताना तुझी उजवी भुवई वर जायची. आज रेकॉर्डची अख्खी बाजू संपेपर्यंत ती वरच होती." थोडं चालून त्याने विचारलं, "माझ्यासाठी बोललीस?"

अर्धं उत्तर हो होतं, आणि उरलेलं अर्धं तिला देता येत नव्हतं. ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात ये." चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने धाड भरल्याची भाषा केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अर्जातल्या नात्याच्या रकान्यात तिने बहीण लिहिलं आणि दार लावलं. आवाज आला की बटण दाबायचं, न आला तर उगाच दाबायचं नाही, हे तिने बजावून सांगितलं, कारण पुरुषमाणसं या खोलीत अंदाजाने बटणं दाबतात. दादाने फसवलं नाही. काचेपलीकडे तो डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसला होता. जाड आवाजांना अंगठा लगेच हलला. मग ती वर वर गेली. आवाज वाढवत राहिली, शेवटी तिलाच तो काचेतून झिरपून ऐकू येऊ लागला, आणि दादा शाळेत नाव पुकारायची वाट पाहणाऱ्या मुलासारखा शांत बसून होता. अंगठा हलला नाही. तिला तेव्हा रडू आलं, पण कागदावर खूण करायची होती म्हणून तिने ती आधी केली.

कडा तोच होता. कपाटातल्या त्या दुसऱ्या आलेखावर हा ठेवला असता तर उजेडात दोन्ही रेघा एक दिसल्या असत्या.

तिने काही न लपवता त्याला सांगितलं. दादाने आलेख दोन्ही हातांत धरून पाहिला.

"म्हणजे रेकॉर्ड वाईटच आहे," तो म्हणाला. "मला बरोबर वाटली, कारण माझं जे गेलं तेच त्यात जास्त घातलंय." तो थांबला. गणित त्यालाही येत होतं. "मग ज्याने केली त्याला..."

कानताई पाठ करून हेडफोन कापसाने पुसत होती. "दादा," ती म्हणाली, "इथे आलेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही. न आलेल्याबद्दलही नाही."

दादाने तिच्या पाठीकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

घरी घालून बघायला खात्याने यंत्रांची एक जोडी दिली. वहिनीचं म्हणणं, दोन दिवस हा माणूस घरभर पाय घासत फिरला, कारण चपलांना आवाज असतो हे त्याला नव्याने कळलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं की तू फार ओरडून बोलतेस. इतकी वर्षं कुणासाठी ओरडत होते, असं तिने विचारलं, तेव्हा यंत्र चालू असूनही त्याला ऐकू आलं नाही.

रविवारी तो दुकानात शिरला तेव्हा मास्तर बोलत होते. दोन्ही कानांमागची यंत्रं त्यांना दिसली आणि वाक्य तोंडातच राहिलं. मागच्या रविवारी आपण काय म्हणालो ते त्यांना आठवलं असावं, कारण ते चष्मा पुसू लागले आणि पुसतच राहिले. टेपवाला उगाचच एक स्क्रू शोधायला वाकला.

"लाव," दादा म्हणाला.

पहिली बाजू त्याने यंत्रं घालून शेवटपर्यंत ऐकली. मध्ये दोनदा त्याच्या भुवया आक्रसल्या. सुई उठली तसा म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. टोचतंय. खिळेच आहेत." आपलं बरोबर ठरल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

मग दादाने आधी उजवं, नंतर डावं, अशी दोन्ही यंत्रं कानांतून काढली आणि समोर टेबलावर ठेवली. तिथे मास्तरांचं पत्र पसरलेलं होतं. यंत्रं त्याच्यावरच बसली.

"आता परत लाव. पहिल्यापासून."

टेपवाल्याने मुकाट्याने सुई टेकवली. दादाने डोळे मिटले. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि प्रत्येक झांजेला अंगठा गुडघ्यावर दाबला जात होता, एकही न चुकता. मास्तर त्या अंगठ्याकडे पाहत होते. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी ती दोन यंत्रं अंड्यांसारखी अलगद उचलून बाजूला ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि पत्रातल्या मधल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. मग आणखी एक मारली, खालचं अक्षर वाचता येऊ नये अशी. कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी ते दादासाठी केलं होतं, आणि दुसऱ्या कुणासाठी झालं ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

खिळे वाजतच होते. कानताईने कोपरं टेबलावर टेकवली आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले.

खिळे गेले. खाली गाणं होतं. गिटार होती, तिच्यामागून संथ चालणारा ड्रम होता, आणि थोरल्याचा आवाज, थकलेला, जागच्या जागी, सायकलवर मागे कुणीतरी बसलेलं असताना गावं तसा. समोर दादा डोळे मिटून हेच ऐकत होता.

टेपवाल्याला वाटलं, हिला आवाज सहन होत नाही. त्याने कमी करू का म्हणून बटणाकडे बोट दाखवलं. तिने मानेनेच नको म्हटलं, आणि हात तसेच ठेवून बाजू संपेपर्यंत ऐकत राहिली.