ओल्या भिंतीवरचा कुंचला

भिंतीतून माणूस उगवत होता, आणि ते बघायला अख्खी गल्ली जिन्यावर उभी होती.

आधी एक भुवई आली. मग मिशी. चौथ्या दिवशी हिरवट, मऊ लव असलेले दोन डोळे उघडले आणि पेंटरची बायको मटकन खाली बसली. हे तिच्याच नवऱ्याचे डोळे. दुकानांच्या पाट्या आणि पोस्टरं रंगवण्यात त्याचा जन्म गेला. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. आता त्याच्या रंगांच्या खोलीत, गळक्या नळामागच्या भिंतीवर, तो थोडा थोडा परत येत होता. दार लोटून घेतलं तरी तिच्या पाठीला त्याची नजर लागे.

"त्यांचा कुंचला अजून थांबलेला नाही," बाबा म्हणाले. हे बाबा पूर्वी पेंटरची पोस्टरं चिकटवत. खोलीची एक किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. दाढी वाढली तशी सिद्धीही वाढली. "पेनिसिलिन कशापासून झालं? बुरशीपासून. मग ही तर पुण्यात्म्याची बुरशी. कंपन्या बाटलीत भरून विकतात, आपण थेट भिंतीवरून देतो."

रांग मान डोलवत पुढे सरकली. बाबा चेहऱ्याभोवतीची बुरशी खरवडून पुड्या बांधत होते.

पेंटरच्या बायकोची पोटरी उकळत्या पाण्याने भाजली होती. जखमेवर तिने तीन दिवस तीच पूड भरली. लाली गुडघ्याकडे चढली, अंग तापलं. आजच इंजेक्शन सुरू केलं नाही तर पायाची खात्री नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी भाची तिला न्यायला आली.

"चल मावशी, गाडी उभी आहे."

"तुझ्या काकांनी पाठवलेलं औषध सोडून?"

"भिंतीला बोट लागलं तरी काका ओरडायचे. ते स्वतःची भिंत खराब करतील?"

मावशी हसली नाही. "त्यांची नजर बघ ना गं."

"बघितली. आता माझं मांजर बघ."

भाचीने कपाट सरकवलं. मागच्या ओलीत बुरशीचं मांजर बसलं होतं. कान होते, मिशा होत्या, शेपटी नव्हती.

"हा कुणाचा नवरा?" जिन्यावरून कुणीतरी विचारलं.

"गेल्या रविवारी काढलं मी, पिठाच्या खळीने. खळ वाळली की दिसत नाही. पण ओलीत बुरशीला तेवढंच खायला मिळतं, म्हणून ती रेघेरेघेने वाढते. तो चेहराही कुणीतरी फोटो बघून असाच काढलाय. शेपटीही काढली होती मी, मावशी. तिच्या खळीत काय घातलं होतं, तूच सांग."

मावशीचे ओठ हलले. तीस वर्षं नवऱ्याची खळ तीच शिजवायची.

"मोरचूद," ती म्हणाली. "मोरचूद घातला की खळीला बुरशी धरत नाही." मग ती सावकाश बाबांकडे वळली. "तू नेहमी विसरायचास. तुझी पोस्टरं महिन्यात काळी पडायची. ते तुला त्यावरूनच बोलायचे. खळीवर बुरशी कशी धरते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

बाबांनी पुढ्यातलं दक्षिणेचं ताट जवळ ओढलं. "काकू, श्रद्धेच्या गोष्टीत..."

"किल्ली ठेव आणि जा."

"पण पेनिसिलिन बुरशीचंच ना?" रांगेतल्या शिंप्याने विचारलं.

"एका जातीच्या बुरशीचं," भाची म्हणाली. " भिंगाखाली तिच्या दांड्यांना केस फुटलेले दिसतात, कुंचल्यासारखे. लॅटिनमधल्या कुंचल्याच्या शब्दावरून बुरशीला नाव पडलं, बुरशीवरून औषधाला. पण बुरशी म्हणजे औषध नव्हे. त्यातलं कामाचं तेवढं वेगळं काढून शुद्ध करायला माणसं वर्षानुवर्षं खपली. या पुडीत चुना आहे, धूळ आहे, आणखी काय काय आहे कोण जाणे. मावशी, डॉक्टर तुला तेच औषध देणार आहेत."

खिडकीतल्या बरणीत नवऱ्याचे कुंचले होते, धुतलेले, केस वर करून ठेवलेले. मावशीने तिकडे बघितलं. मग भाचीचा हात धरून उठली.

"तो चेहरा तू पूस," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

जिन्यात ती थांबली. "घरी जा रे सगळे. जखम असेल, ताप असेल, तर दवाखाना गाठा. माझा माणूस गेला. आठवण आली म्हणून कुणी भिंतीतून परत येत नाही. आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे केलं कसं?"

लोकांनी वाट दिली. एकेक पायरी धरत ती उतरली. पाठीला आज कुणाचीच नजर लागत नव्हती, आणि त्याचंच तिला रडू आलं.